संकेतस्थळाची बहुस्तरीय सूची : दार कोणते, पाटी कोणती?

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात वसलेले शनिशिंगणापूर हे गाव दारे नसलेल्या घरांसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. येथील घरांना चौकट असते, पण कवाड वा कडी-कोयंडा लावण्याची प्रथा नाही. युको बँकेने २०११ मध्ये या गावी शाखा उघडली, तीदेखील पारंपरिक कुलपाविना. चौकट दिसली की तेथून आत जाता येते, हे येथे गृहीतच धरलेले असते. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र असे काहीच गृहीत धरता येत नाही. पडद्यावर ‘सेवा’ किंवा ‘दर्शन’ असा शब्द दिसतो. त्यावर टिचकी मारली तर पान उघडेल, खाली उपसूची उलगडेल की काहीच घडणार नाही, हे तो शब्द पाहून कळत नाही. टिचकी मारून आत गेल्यावर आपण नेमके कोठे आहोत, हेही अनेकदा उमगत नाही. बहुस्तरीय सूचीचा, म्हणजेच ‘नेस्टेड मेनू’चा, सारा प्रश्न या दोन गोष्टींत सामावलेला आहे. पहिली गोष्ट दुव्याचे वर्तन आणि दुसरी त्याचे ठळक दिसणे.

विषय तांत्रिक वाटला तरी त्याचे परिणाम सर्वसामान्य भाविकापर्यंत पोहोचतात. शनिशिंगणापूरला शनिवारी, शनी जयंतीला आणि विशेषतः शनिवारी येणाऱ्या अमावास्येला मोठी गर्दी लोटते. दुरून येणारा भाविक निघण्यापूर्वी दर्शनाची वेळ, पूजेची देणगी, निवासाची सोय आणि नियम यांची माहिती शोधतो. हे नियम कायम राहतात असेही नाही. चौथऱ्यावर जाण्यास स्त्रियांना असलेली मनाई ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी उठली. शिळेची झीज होऊ नये म्हणून १ मार्च २०२५ पासून सुट्या तेलाऐवजी ब्रँडेड तेलच स्वीकारण्याचा निर्णय झाला. अशी माहिती सूचीच्या तिसऱ्या स्तरावर कोठेतरी दडलेली असेल, तर ती असून नसल्यासारखीच होय.

याहून गंभीर बाब २०२५ मध्ये समोर आली. शनिशिंगणापूरच्या नावाने ऑनलाइन पूजा व अभिषेकाचे पैसे घेणाऱ्या बनावट ॲपचे प्रकरण त्या वर्षी विधिमंडळात गाजले आणि अहिल्यानगरच्या सायबर पोलिसांनी गुन्हा दाखल केला. अधिकृत वाट सापडली नाही की माणूस शोधयंत्राने पुढे केलेली पहिली वाट धरतो. त्यामुळे सूचीची रचना हा केवळ सजावटीचा विषय राहत नाही.

सूचीची घडण

वेबपानाच्या भाषेत, म्हणजे एचटीएमएलमध्ये, बहुस्तरीय सूची ही यादीच्या आत यादी अशा स्वरूपात लिहिली जाते. एखाद्या देवस्थानाचे काल्पनिक उदाहरण घेता येईल. वरच्या पट्टीत ‘मुखपृष्ठ’, ‘देवस्थान’, ‘दर्शन’, ‘सेवा’ आणि ‘संपर्क’ अशी पाच पदे आहेत. ‘सेवा’ या पदाच्या पोटात ‘अभिषेक’, ‘देणगी’ व ‘निवास’ अशी तीन पदे आहेत आणि ‘निवास’च्या पोटात ‘आरक्षण’ व ‘नियम’ अशी दोन. ‘सेवा’ हे जनक पद झाले, ‘निवास’ हे त्याचे अपत्य आणि ‘आरक्षण’ हे नातवंड. वंशावळीचा हा आकृतिबंध ध्यानात ठेवला, तर पुढील बहुतेक अडचणींचे मूळ सहज समजते. आई-वडिलांना लावलेला रंग नकळत मुला-नातवंडांनाही लागतो आणि नातवंडापाशी उभ्या असलेल्या वाचकाला आपले आजोबा कोण, हे सांगणारे कोणी नसते.

जनक पद : दुवा की पाटी?

सर्वांत जुना वाद जनक पदाविषयी आहे. ‘सेवा’ या शब्दावर टिचकी मारली असता काय व्हावे? यावर तीन मार्ग रूढ आहेत.

पहिल्या मार्गात ‘सेवा’ला स्वतःचे पान असते. कर्सर वर नेला की उपसूची उघडते आणि टिचकी मारली की ते पान येते. संगणकावर हे सोयीचे असले तरी भ्रमणध्वनीवर कर्सरच नसतो. तेथे बोट टेकवणे हीच टिचकी. त्यामुळे काही फोनवर पहिल्या स्पर्शाला उपसूची उघडते व दुसऱ्या स्पर्शाला पान येते, तर काही ठिकाणी उपसूची दिसण्यापूर्वीच पान बदलते. वापरणाऱ्याला ‘अभिषेक’ हे पद कधी दिसतच नाही.

दुसऱ्या मार्गात ‘सेवा’ हे केवळ शीर्षक असते. त्याला पान नसते. टिचकी मारली की उपसूची उघडते, पुन्हा मारली की मिटते. ही पद्धत सुटसुटीत आहे. परंतु ती राबवताना अनेक जण खोट्या दुव्याचा आधार घेतात. दुव्याच्या पत्त्याच्या जागी नुसते ‘हॅश’ चिन्ह ठेवले जाते. असा दुवा दिसायला दुवाच असतो, पण कोठेही नेत नाही. लांबलचक पानाच्या तळाशी असलेल्या वाचकाने त्यावर टिचकी मारली, तर पान झटकन माथ्यावर जाते. दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्याचा उच्चार ‘दुवा’ असाच करते आणि ऐकणाऱ्याची फसगत होते. यावर सर्वमान्य नियम साधा आहे : जे दुसऱ्या पानावर नेते ते दुव्याने लिहावे, जे याच पानावर काही उघडते-मिटवते ते बटनाने. जूमलामध्ये ‘मेनू हेडिंग’ हा स्वतंत्र प्रकार याचसाठी आहे, तर ड्रुपलमध्ये पत्त्याच्या जागी ‘नो-लिंक’ लिहिले की ते पद दुवा राहत नाही. वर्डप्रेसवर काम करणारे पुष्कळ जण ‘कस्टम लिंक’ घेऊन त्यात हॅश घालतात. ती सवय टाळण्याजोगी आहे.

तिसरा मार्ग दोहोंचा मेळ घालतो. ‘सेवा’ हा शब्द दुवा राहतो आणि त्याच्या शेजारी लहान बाणाचे वेगळे बटन येते. शब्दावर टिचकी मारल्यास पान येते, बाणावर मारल्यास उपसूची उघडते. भ्रमणध्वनी, कळफलक आणि माऊस या तिघांनाही तो मानवतो. अट एवढीच की बाण बोटाला सापडेल इतका मोठा हवा. वेबच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे ‘डब्ल्यूसीएजी’ या नावाने ओळखली जातात. त्यांच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.२ आवृत्तीने स्पर्शाच्या लक्ष्यासाठी किमान २४ गुणिले २४ पिक्सेल असे माप सांगितले असून त्याला काही अपवाद ठेवले आहेत.

‘आपण येथे आहात’

मोठ्या रुग्णालयात वा रेल्वे स्थानकात नकाशावर लाल ठिपका असतो व त्याखाली ‘आपण येथे आहात’ असे लिहिलेले असते. सूचीतील ठळक पद हे तेच काम करते. मात्र ठळकपणाच्या तीन वेगळ्या अवस्था आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ उडतो. पहिली अवस्था चालू पानाची. दुसरी चालू पानाच्या पूर्वजांची : वाचक ‘आरक्षण’ या पानावर असेल तर ‘निवास’ आणि ‘सेवा’ ही पदेही काहीशी उठून दिसावीत, म्हणजे वाट कळते. तिसरी अवस्था क्षणिक असते. कर्सर वा कळफलकाचा रोख ज्या पदावर आहे तेवढे पद उजळते व रोख हलताच पूर्ववत होते.

जून २०१० मध्ये आलेल्या वर्डप्रेसच्या ३.० आवृत्तीपासून सूची तयार करण्याची सोय त्यातच अंतर्भूत झाली. चालू पानाच्या पदाला ‘करंट-मेनू-आयटेम’, त्याच्या जनकाला ‘करंट-मेनू-पेरेंट’ आणि सर्व पूर्वजांना ‘करंट-मेनू-ॲन्सेस्टर’ अशी खूणनावे आपोआप लागतात. ड्रुपलमध्ये हीच वाट ‘ॲक्टिव्ह ट्रेल’ म्हणून ओळखली जाते. रंग कोणता द्यायचा, हे ठरवण्याचे काम तेवढे शैलीपत्रकाचे, म्हणजे सीएसएसचे, उरते. तरीही चुका होतात. त्यातील नेहमीच्या चार चुका समजून घेणे उपयुक्त ठरेल.

पहिली चूक वारशाची. ‘सेवा’ पद चालू असताना त्यातील दुवे लाल करावेत, असा नियम लिहिला की तो ‘सेवा’च्या पोटातील प्रत्येक दुव्याला लागू होतो. परिणामी ‘अभिषेक’, ‘देणगी’, ‘निवास’ सारेच लाल दिसतात आणि सारेच ठळक म्हणजे काहीच ठळक नाही, अशी गत होते. उपाय असा की नियम ‘पोटातील सर्व’ यांच्यासाठी न लिहिता ‘थेट अपत्य’ असलेल्या दुव्यापुरता लिहावा. सीएसएसमध्ये त्यासाठी ‘मोठे आहे’ या गणिती चिन्हाचा वापर होतो. त्या एका चिन्हाने निम्मे प्रश्न सुटतात.

दुसरी चूक मुखपृष्ठाची. चालू पान ओळखण्यासाठी पत्त्याचा आरंभ जुळतो का, हे पाहण्याची युक्ती अनेक ठिकाणी योजतात. ‘सेवा’ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता ‘सेवा’ विभागाचा, हे बरोबरच. पण मुखपृष्ठाचा पत्ता म्हणजे नुसती तिरकी रेघ, आणि प्रत्येक पत्ता तिनेच सुरू होतो. त्यामुळे ‘मुखपृष्ठ’ कायमच उजळलेले राहते. मुखपृष्ठापुरती तुलना तंतोतंत करावी, हा त्यावरील उपाय.

तिसरी चूक नावाच्या साधर्म्याची. सीएसएसमध्ये ‘ॲक्टिव्ह’ ही अवस्था म्हणजे दुवा दाबला जात असतानाचा क्षण. अनेक आज्ञावलीकार मात्र चालू पानाच्या खुणेलाही ‘ॲक्टिव्ह’ हेच नाव देतात. दोन्ही नावे एकच, अर्थ मात्र भिन्न. नियम लिहिताना एकाच्या जागी दुसरे पडले की दाबताना पद क्षणभर उजळते आणि नवे पान आल्यावर विझते. दुव्याच्या अवस्थांचे नियम न पाहिलेला, पाहिलेला, रोखलेला आणि दाबलेला या क्रमाने लिहावेत, हा संकेतही येथेच महत्त्वाचा ठरतो. समान वजनाच्या नियमांत नंतरचा नियम आधीच्यावर मात करतो. क्रम चुकला की रोखल्याचा रंग दिसतच नाही.

चौथी चूक एकाच पानाला दोन ठिकाणी जागा देण्याची. ‘निवासाचे नियम’ हे पान ‘सेवा’खालीही आहे आणि ‘दर्शन’खालीही, तर ठळक कोणाला करायचे? यंत्रणा कधी दोन्ही उजळते, कधी पहिलेच. प्रत्येक पानाचे एक मूळ घर ठरवावे आणि अन्यत्र त्याचा केवळ उल्लेख ठेवावा, हे उत्तम. यात एक व्यावहारिक लाभही आहे. नियम बदलला की एकच पान बदलावे लागते. जुनी माहिती दुसऱ्या कोपऱ्यात तशीच शिल्लक राहत नाही.

देवनागरीचे स्वतंत्र प्रश्न

मराठी संकेतस्थळांना काही अडचणी जास्तीच्या सोसाव्या लागतात. रोमन लिपीत मोठ्या लिपीतील अक्षरे वापरून शीर्षक उठावदार करता येते. देवनागरीत तशी सोय नाही. अक्षरांतील अंतर वाढवून उठाव आणायला गेल्यास शिरोरेषा तुटते. ठळकपणासाठी अधोरेखन केले तर ती रेघ उकार व जोडाक्षरांच्या खालच्या भागाशी भिडते किंवा तेथे तुटक दिसते. पट्टीची उंची रोमन अक्षरांच्या बेताने ठरवली असेल तर वेलांटी, मात्रा व अनुस्वार कापले जातात. जाड ठसा वापरला की शब्दाची रुंदी वाढते आणि शेजारची सारी पदे सरकतात. पदाच्या खाली काही अंतर सोडून जाड पट्टी देणे आणि तिच्यासाठी आधीच जागा राखून ठेवणे, हा सर्वांत निर्धोक उपाय आहे.

त्याहून छुपी अडचण पत्त्याची. पानाचा पत्ता देवनागरीत असला तरी संगणक तो सांकेतिक रूपात पाठवतो. ‘दर्शन’ हा शब्द संगणकाच्या लेखी द, र, हलन्त, श, न अशा पाच चिन्हांचा आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात आणि टक्क्याचे चिन्ह धरून प्रत्येक बाइट तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे पाच चिन्हांची ४५ अक्षरे होतात. सूचीत ‘दर्शन’ आणि पत्त्यात ती ४५ अक्षरे अशी तुलना केल्यास जुळणी होणार नाही व पद उजळणार नाही. दोन्ही बाजू आधी एकाच रूपात आणणे आवश्यक असते.

एकच अक्षर दोन प्रकारे टंकित होण्याची अडचणही आहे. ‘ऱ’ हे अक्षर एकसंध चिन्ह म्हणून येते किंवा ‘र’ला नुक्ता जोडूनही, युनिकोडच्या सामान्यीकरणाने ही दोन रूपे एक करता येतात. ‘ॲ’चे तसे नाही. ते अक्षर एकसंध चिन्हाने लिहिलेले आणि ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले, डोळ्यांना सारखेच दिसते, पण युनिकोड त्यांना समान मानत नाही. म्हणून चालू पान ओळखण्याचे काम शब्दांच्या जुळणीवर न सोपवता पानाच्या क्रमांकावर सोपवावे.

कर्सर, कळ आणि बोट

कर्सर नेताच उलगडणाऱ्या सूचींना २००० नंतरच्या दशकात विशेष लोकप्रियता लाभली. ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात २००३ मध्ये पॅट्रिक ग्रिफिथ्स व डॅन वेब यांनी ‘सकरफिश ड्रॉपडाउन्स’ हे तंत्र मांडले. साध्या यादीपासून, जवळजवळ केवळ सीएसएसच्या बळावर, सूची उलगडता येते हे त्यातून दिसले. इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा त्या काळातील प्रमुख ब्राउझर दुव्याखेरीज इतर घटकांवर कर्सरचा रोख ओळखत नसे. त्यासाठी जावास्क्रिप्टच्या काही ओळींची जोड द्यावी लागे. आज ती गरज उरलेली नाही, पण त्या काळातील दोष टिकून आहेत. जनक पद आणि उपसूची यांत थोडी फट असली की कर्सर त्या फटीतून जाताना सूची मिटते. कर्सर तिरका नेला तर वाटेतील दुसरेच पद उघडते. ज्येष्ठ नागरिकांना किंवा हात थरथरणाऱ्यांना अशी सूची वापरणे जवळजवळ अशक्य होते.

डब्ल्यूसीएजीच्या २०१८ मधील २.१ आवृत्तीने यावर तीन अटी घातल्या. रोखल्यावर दिसणारा मजकूर रोख न हलवताही मिटवता आला पाहिजे, उदाहरणार्थ ‘एस्केप’ कळ दाबून. त्या मजकुरावर कर्सर नेता आला पाहिजे. आणि वापरणाऱ्याने स्वतः दूर जाईपर्यंत तो टिकला पाहिजे. कळफलकाने वावरणाऱ्यासाठी ‘टॅब’ कळेने प्रत्येक पदापर्यंत पोहोचता यावे आणि रोख कोठे आहे ते दिसावे, हेही अपेक्षित आहे. उपसूची उघडी आहे की मिटलेली, हे ‘एरिया-एक्सपांडेड’ या गुणाने आणि चालू पान कोणते, हे ‘एरिया-करंट’ या गुणाने सांगितले की वाचक-सॉफ्टवेअर ते बोलून दाखवते. डोळसांना रंगाने कळते ते दृष्टिहीनांना शब्दाने कळावे, एवढाच याचा अर्थ.

रंगाच्या बाबतीतही मर्यादा आहेत. केवळ रंगबदलावर विसंबू नये, असे ही तत्त्वे सांगतात. कारण लाल-हिरव्यातील भेद सर्वांना दिसत नाही. साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. शनीच्या संकेतस्थळासाठी काळा वा गडद निळा रंग निवडण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु त्यावर जांभळी अक्षरे ठेवल्यास ती कोणालाच वाचता येणार नाहीत.

कायदा काय सांगतो?

शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्र शासनाने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती व संपर्क तंत्रज्ञान सुगम असण्याची तरतूद आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. देवस्थानांची संकेतस्थळे शासकीय नसली तरी तेथे येणारा वर्ग मोठा, वयस्क आणि बहुतांशी फोनवर विसंबणारा असतो. त्यामुळे ही तत्त्वे त्यांनी आपणहून पाळणे हिताचे आहे.

खरे काय, खोटे काय

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. उत्तम सूची म्हणजे खरेपणाचा दाखला नव्हे. अधिकृत संकेतस्थळाची सूची जशीच्या तशी उचलून बनावट पान उभारणे अवघड नसते. दुव्यावर लिहिलेला शब्द एक आणि तो नेत असलेली जागा दुसरी, असेही करता येते. ‘अभिषेक’ असे लिहिलेला दुवा प्रत्यक्षात कोठे नेतो, हे संगणकावर कर्सर त्यावर नेल्यास ब्राउझरच्या तळाशी, तर बहुतेक फोनवर बोट दाबून धरल्यास दिसते. पैसे भरण्यापूर्वी वरच्या पट्टीतील पूर्ण पत्ता वाचावा. कुलपाची खूण दिसली म्हणून संकेतस्थळ प्रामाणिक ठरत नाही. मधल्या प्रवासात मजकूर कोणी वाचू शकत नाही, एवढेच ती सांगते. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

संकेतस्थळ चालवणाऱ्यांनीही आपल्या बाजूने काही गोष्टी कराव्यात. पैशांशी संबंधित सर्व पदे एकाच जनक पदाखाली असावीत आणि त्यांची जागा वारंवार बदलू नये. वाट ओळखीची झाली की आडवाट खटकते. दुवा बाहेरच्या संकेतस्थळावर नेत असेल तर तसे शब्दांत लिहावे.

थोडक्यात

- सूचीचे स्तर शक्यतो दोनच ठेवावेत. तिसरा अपरिहार्य असेल तरच घ्यावा.
- जनक पद दुवा असेल तर त्याला खरे पान द्यावे; नसेल तर ते बटन म्हणून लिहावे. नुसते हॅश चिन्ह वापरू नये.
- चालू पान, त्याचे पूर्वज आणि क्षणिक रोख या तीन अवस्था वेगवेगळ्या दाखवाव्यात.
- ठळकपणाचा नियम थेट अपत्यापुरता लिहावा. मुखपृष्ठाची तुलना तंतोतंत करावी.
- रंगासोबत पट्टी, बाण किंवा ठिपका अशी आणखी एक खूण द्यावी.
- पान ओळखण्यासाठी देवनागरी शब्दांऐवजी क्रमांकाचा आधार घ्यावा.
- माऊस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने, आणि नंतर साध्या फोनवर एका अंगठ्याने, सारी सूची वापरून पाहावी.

यांतील शेवटची चाचणी सर्वांत स्वस्त आहे. तिला पैसे लागत नाहीत, आज्ञावलीचे ज्ञानही लागत नाही. घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीच्या हाती फोन देऊन ‘निवासाचे नियम शोधा’ एवढेच सांगावे आणि गप्प राहावे. त्यांचे बोट जेथे अडखळेल, तेथे दुरुस्तीची गरज आहे असे समजावे.